ओकुनोत नकार देण्याची पद्धत

२ नोव्हेंबर
आजपासून पुस्तक. नाव ठरलं: जपान, समाज आणि राजकारण. ओकुनोसारख्या बर्फाळ गावात नऊ वर्षं पोरांना इंग्रजी शिकवल्यावर हा देश मला आतून कळला आहे, हे निदान स्वतःशी तरी कबूल करायला हरकत नाही. पहिलं प्रकरण डोक्यात तयार आहे. कागदावर उतरवायचं तेवढं राहिलंय.

वैजूचा कोबेहून फोन. नोकरीसाठी रेवाला घेऊन ती तिकडे गेली त्याला दोन वर्षं झाली. म्हणाली, एप्रिलमध्ये रेवा पहिलीत जातेय. इथल्या एका शाळेत तुझ्यासाठी जागा आहे, त्यांना फेब्रुवारीत कळवायचंय. दोन वर्षं 'पुढच्या वर्षी' ऐकतेय, आता पुरे. मी म्हटलं, झालंच समज.

रेवाही बोलली. पहिल्या दिवशी शाळेच्या गेटपाशी फोटो काढतात, त्यात बाबा पाहिजे. वचन दिलं.

१० नोव्हेंबर, मंगळवार
गावच्या कौन्सिलची निवडणूक. पाच दिवस प्रचार चालणार, म्हणून निरीक्षणासाठी आठवडाभराची रजा टाकली होती. सकाळी पांढरे हातमोजे घातलेले उमेदवार लाउडस्पीकरच्या गाड्यांतून हात हलवत गेले. शेतात कोणी नव्हतं, तरी शेताकडे बघून हलवत होते. पाच वाजता अर्जाची मुदत संपली. जागा तेवढेच उमेदवार. सगळे निवडून आले, मतदान रद्द, गाड्या घरी.

शेजारच्या काइझुका-सानना विचारलं, ही कसली निवडणूक? वय एक्याऐंशी, आमच्या वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष. गावात सगळे मला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात. म्हणाले, सेन्सेई, पुरेशी माणसं मिळाली हेच नशीब, मागच्या खेपेला एक खुर्ची रिकामीच राहिली होती. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. माझ्या अभ्यासू वृत्तीचं कौतुक वाटलं असावं.

चौथ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य सुचलं: जपानी माणूस नाही म्हणत नाही, तो गप्प बसतो, आणि हे गप्प बसणं ज्याला वाचता आलं त्याला जपान कळलं. झकास वाक्य. पुढचं उरलेल्या रजेत लिहीन.

१६ नोव्हेंबर
रजा संपली. थंडी फार. लिखाण नाही.

१८ डिसेंबर
बर्फाने दार उघडेना. खिडकीतून बाहेर पडून फावडं मारलं. समोरच्या घरातल्या नागुमो-सान ओरडल्या की सेन्सेई, छपरावरचाही काढा, नाहीतर घर बसेल. छपरावर चढलो. शिडी घसरली. नागुमो-साननी ती परत लावून देईपर्यंत वरून गावाचं निरीक्षण केलं. सगळीकडे पांढरं.

वैजू म्हणाली, उद्या हेडमास्तरांकडे जा आणि सरळ सांग, मार्चअखेर सोडतोय. मी समजावलं की बाई गं, इथे सरळ सांगणं म्हणजे माणसाच्या तोंडावर पाणी मारणं. तिला हे कळायचं नाही. इतकी वर्षं राहूनही तिचं जपानी भाजीबाजाराच्या पलीकडे गेलेलं नाही.

१४ जानेवारी
आज राजीनामा दिला. अस्सल जपानी पद्धतीने.

हेडमास्तर उकाई-सानसमोर बसलो. चहा आला. बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग दातांतून हवा आत ओढली आणि म्हटलं, यंदा थंडी फारच आहे. कोबेला म्हणे बर्फ पडत नाही. मुलगी मोठी होतेय. पुढचं वर्ष म्हणजे, जरा... एवढ्यावरच वाक्य सोडलं. सोडलेलं वाक्य हीच खरी कला.

उकाई-साननीही दातांतून हवा ओढली. म्हणाले, अवघड आहे खरं. आम्ही विचार करू. दोघेही गहिवरून गप्प बसलो. 'राजीनामा' हा शब्द एकदाही आला नाही. वैजूला कळवलं, झालं काम. तिने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, काहीच नाही, आणि त्यातच सगळं आलं.

२९ जानेवारी
शाळेतल्या माझ्या टेबलाशेजारी नवा कोरा केरोसीनचा हीटर आला. उकाई-सान स्वतः पेटवून दाखवायला आले. काय माणसं आहेत. जाणाऱ्याचे शेवटचे दोन महिने उबेत जावेत, एवढाच हेतू. डोळ्यांत पाणी आलं. केरोसीनच्या वासानेही असेल.

कोबेच्या शाळेला हो कळवून टाकलं. वैजूने मोठं घर बघायला घेतलंय.

२१ फेब्रुवारी, रविवार
वस्तीच्या मंडळाची वार्षिक सभा. पुस्तकासाठी याहून चांगली संधी नाही.

विषय एकच, नवा अध्यक्ष. काइझुका-साननी विचारलं, कोणी पुढे येतंय का? सगळ्यांच्या नजरा चटईवर. मग एकेक जण सुरू झाला. एकाचा गुडघा, एकाच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नागुमो-सानना अंधारात दिसत नाही. सबबी ऐकून मला कीव आली. एवढं चौथं प्रकरण डोक्यात असताना मी कशाला तोंड उघडतोय? मी जपानी माणसापेक्षाही जपानी होऊन बसलो. एक शब्द नाही. चेहऱ्यावर रेष नाही.

नागुमो-सान म्हणाल्या, सेन्सेईंचा चेहरा किती शांत आहे. काइझुका-सान माझ्याकडे वळून म्हणाले, सेन्सेईंची काही हरकत दिसत नाही. मी आणखी खोल गप्प बसलो. टाळ्या झाल्या. काइझुका-सान निवृत्त होतायत म्हणून मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

घरी निघताना त्यांनी माझ्या हातात कचराघराची किल्ली, कावळ्यांना अडवायची जाळी आणि शाळेच्या रस्त्यावर पोरांना ओलांडून द्यायचा पिवळा झेंडा ठेवला. मुदत दोन वर्षं.

२२ फेब्रुवारी
गैरसमज दूर करायला काइझुका-सानकडे निघालो, तर तेच दारात. सोबत साकेची बाटली आणि वाळवलेली पर्सिमनची फळं. म्हणाले, आठ वर्षं मी या मंडळात अडकलोय सेन्सेई. मुलगी आकाशीला असते. दर वर्षी म्हणते बाबा या, आणि दर वर्षी माझ्या जागेवर बसायला कोणी मिळत नाही. आता तुमच्या कृपेने जाईन. आणि रडले.

आकाशी म्हणजे कोबेच्या पुढचं स्टेशन म्हणावं इतकं जवळ.

रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं? साके प्यायलो. सांगितलं नाही.

५ मार्च
घट्ट निश्चय करून हेडमास्तरांकडे गेलो. आज वाक्य पूर्ण करायचं. पण उकाई-सानच आधी उठून वाकले. म्हणाले, तुम्ही थंडीचं बोललात तेव्हा आम्ही घाबरलो होतो, म्हणून लगेच हीटर आणला. आता तर तुम्ही वस्तीचे अध्यक्ष झालात. सेन्सेई कायमचे आमचेच झाले म्हणून शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना भरून आलं. पुढच्या वर्षीचा करार त्यांनी समोर सरकवला, शाईची डबी उघडूनच ठेवली होती.

सहीच्या जागी शिक्का मारला. सगळे उभे राहून बघत होते. शिवाय चहा गार होत होता.

१२ मार्च
वैजूला सांगावंच लागलं. शांतपणे सगळं समजावलं: समाज, कर्तव्य, काइझुका-सानचे अश्रू, आणि अध्यक्ष असल्याने पुस्तकाला आतून मिळणारी माहिती. दोनच वर्षं. ती काहीच बोलली नाही. बराच वेळ गप्प होती, मग फोन ठेवला.

मौन वाचायची सवय असल्याने लगेच कळलं. तिला पटलंय.

२७ मार्च
काइझुका-सानना निरोप. एक बॅग, टोपी, आणि चेहरा वीस वर्षांनी तरुण. रेवासाठी घेतलेला खाऊचा डबा आणि छत्री त्यांच्याजवळ दिली. नक्की पोचवतो म्हणाले. गाडी हलल्यावर ते मला लांबपर्यंत वाकून नमस्कार करत होते. मीही करत होतो. गाडी गेल्यावर प्लॅटफॉर्मवर मी एकटाच वाकलेला. मग जरा रडलो. इथे तरी कोण वाचतंय.

२ एप्रिल
कावळ्यांनी जाळी फाडली. नागुमो-सान म्हणाल्या, काइझुका-सानच्या वेळी असं होत नव्हतं.

४ एप्रिल
तीन आठवड्यांनी वैजू फोनवर आली. आवाज कोरडा. म्हणाली, आमच्या वस्तीतही मंडळ आहे, काल त्यांनी मला अध्यक्ष व्हा म्हणून विचारलं. मी विचारलं, मग? म्हणाली, मग काय, नाही म्हटलं. नोकरी आहे, घरात मी एकटी, लहान पोर आहे, जमणार नाही. मी विचारलं, या शब्दांत? म्हणाली, मला कुठे दुसरे शब्द येतात? आणि ते काय म्हणाले? म्हणाले, असं होय, मग राहू द्या. आणि संत्री देऊन गेले.

कोबे म्हणजे खरं जपान नव्हे. बंदराचं शहर, परकी हवा. प्रस्तावनेत एक तळटीप टाकावी लागेल.

८ एप्रिल, गुरुवार
आज सगळीकडे पहिलीचा पहिला दिवस. शाळेने मला समारंभातून सूट दिली. अध्यक्षाची जागा रस्त्यावर. बर्फ अजून कडेला साचलेला. पिवळ्या टोपीची एक चिमुरडी झेब्रा क्रॉसिंगपाशी अडून बसली. आई पुढे निघून गेलेली. मी झेंडा बगलेत मारून हात पुढे केला. तिने धरला. पलीकडे गेल्यावरही तिने लगेच सोडला नाही, आणि मलाही सोडवेना.

दुपारी वैजूने फोटो पाठवला. शाळेचं गेट, मध्ये रेवा, हातात मी दिलेली छत्री. एका बाजूला वैजू साडीत. दुसऱ्या बाजूला काळ्या सुटात काइझुका-सान, ताठ उभे. वैजूने खाली लिहिलं होतं, घरच्यांसाठी दोन खुर्च्या होत्या, एक रिकामी दिसत होती, म्हणून त्यांना बोलावलं.

फोटो बराच वेळ बघितला. रेवा हसतेय.

बिचारे काइझुका-सान. त्यांना नाही म्हणता आलं नसेल.