आज्यांनी वाटून घेतलेलं मलम

१३ मे, मंगळवार

मंगळवार म्हणजे इसबाची पोरं. बाहेरचं दालन आज्यांनी आणि मांडीवर बसून खाजवणाऱ्या नातवंडांनी गच्च. आईबाप कामावर, ग्वांगझूत पोरं आज्याच वाढवतात. प्रत्येकीला पांढरी नळी दिली, वर फक्त क्रमांक. निम्म्या नळ्यांत हिवतापावर चालणाऱ्या झाडापासून काढलेलं औषध, निम्म्यांत नुसतं मलम. कुठली कुणाकडे गेली, ते मलाही ठाऊक नाही. हे समजावता समजावता घसा बसला. लुओआजींनी शेवटी विचारलंच—

"म्हणजे डॉक्टरीणबाई, आमच्यातल्या निम्म्या जणी फुकट चोळणार?"

मी पुढचा क्रमांक पुकारला.

दुपारी नेहमीसारखी आई आली, मानमानला घेऊन. थर्मासमध्ये कमळकाकडीचं सूप. मानमानचे कोपर रक्ताळलेले. तिला या चाचणीत घेता येत नाही— काम माझं, मुलगीही माझी. चाचणीचे प्रमुख प्राध्यापक ख्वांग, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आईला हे मुळीच पटत नाही. प्रयोगशाळेत उंदरांचे कान बरे केलेस म्हणते, आणि घरचं पोर तसंच. माझं सूप पिऊन होईपर्यंत ती आज्यांच्या घोळक्यात जाऊन बसते. तेवढाच तिला विरंगुळा.

१६ मे

थकले. बाकी काही नाही.

३१ मे

ड्रॅगन-नौकांचा सण. आईने दाराला औषधी पाला बांधला आणि त्याच पाल्याच्या पाण्याने मानमानला न्हाऊ घातलं. मी काहीतरी टोचून बोलणार होते, तेवढ्यात पोरीचे कोपर दिसले. सुकलेत! आई म्हणते कोळंबी आणि लिची बंद केली, उष्ण पडतात, त्याचा गुण. असेलही. इतकी वर्षं कातडीत डोकं घातलं आणि शेवटी लिचीला शरण गेले.

१० जून

पोरं सुधारतायत. लुओआजींचा नातू चक्क हाताची घडी घालून बसला होता. जवळजवळ सगळीच सुधारतायत.

सगळी का? निम्मी सुधारायला हवीत.

१७ जून

ख्वांगनी बोलावलं. आकडे पाहणाऱ्यांचा निरोप आलाय: दोन्ही गट सारखेच बरे, काडीचा फरक नाही. "पोरी, तेलकट काहीही चोळलं की पोरांना बरं वाटतं," म्हणाले. "तुझं औषध काही करत नाही. महिनाअखेर बंद करू." आवाज मऊ होता, तेच जास्त लागलं. सहा वर्षं या एका झाडामागे घातली. आता दुसरं कोणी त्याला हात लावणार नाही.

जेवले नाही.

२४ जून

लुओआजींकडे नळी परत मागितली. त्यांनी पिशवीतून तीन काढल्या, तिन्ही वेगवेगळ्या क्रमांकांच्या. त्या अगदी खुशीत होत्या. सगळ्याजणी मंगळवारी बाहेरच्या बाकावर नळ्या एका वाडग्यात पिळतात म्हणे, चॉपस्टिकने घोटतात आणि सारखं वाटून घेतात; रिकाम्या नळ्या मग कुणाच्याही पिशवीत.

"एकीच्या पोराला औषध आणि दुसरीच्याला नुसतं मलम, असं कुठं असतं का? सगळ्यांना थोडं थोडं. ती सूपवाली म्हणाली तसं."

सूपवाली.

घरी आले. आई शेंगा मोडत बसली होती. विचारलं, तर नाकारलंही नाही. उठून कपाटातून टोफूची जुनी बरणी काढली. आत पांढरं मलम, बोटांच्या खुणांसकट. दर मंगळवारी प्रत्येक आजी तिला एक चमचा देते. सल्ल्याबद्दल.

मी खूप बोलले. नको तेही बोलले. ती शेंगा मोडत राहिली, मग म्हणाली, "तुझे नियम तुझ्यापाशी. पोर माझ्या कुशीत झोपते. तिचं खाजवणं मला ऐकू येतं, तुला नाही."

हे खरंच आहे, म्हणून जास्त राग आला.

२६ जून

ख्वांगना सगळं सांगितलं. आईचं नावही. बरणी टेबलावर ठेवली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. मग म्हणाले, दोन्ही गट एकच झाले, आता यातून काहीच सिद्ध होणार नाही. औषध चालतं हेही नाही, चालत नाही हेही नाही. नवीन चाचणीला पैसे कोणी देणार नाही. नळ्या, बरणी, सगळं जमा करून घेतलं.

आई माझ्याशी बोलत नाही. सूप मात्र येतं.

८ जुलै

घरात लिची नाही, कोळंबी नाही. पाल्याचं पाणी रोज. फक्त बरणी नाही.

सकाळी आईने मानमानची चादर माझ्यासमोर धरली. रक्ताचे ठिपके.

औषध चालत होतं.