रागाच्या कार्डांचा डबा

सर,

आधी घटना क्रमवार मांडते, मत नंतर. मी अकरावीत असताना दर रविवारी सकाळी आचोळ्याहून आगाशीला तुमच्याकडे इंग्रजी शिकायला येत असे. दुसरी विद्यार्थिनी खाडीकडच्या, भातशेती करणाऱ्या गावातली, माझ्याच वयाची. आम्ही दोघीच. तुमच्याकडे बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता आणि त्यात रागाच्या इंग्रजी शब्दांची, तुमच्या हातची कार्डे होती. पुढे मी इंग्रजीत डॉक्टरेट मिळवली आणि कॉलेजात तोच विषय शिकवू लागले. ती गावच्या शाळेत चौथीच्या मुलांना शिकवू लागली. त्यानंतर तुम्ही गेलात. डबा तिच्याकडे आहे. मी गेली कित्येक वर्षे रागाच्याच शब्दार्थांवर लिहिते आहे, व्याख्याने देते आहे, आणि डबा तिच्याकडे आहे. एकच वाक्य दोनदा आले, हे मला दिसते. विद्यार्थ्याच्या वहीत मी ते खोडले असते.

रविवारी तुमच्या बाजारावरच्या खोलीत माणसे तक्रारी घेऊन येत. मराठी अर्ज गठ्ठ्यात जातो आणि इंग्रजी अर्ज साहेबाच्या टेबलावर जातो, असा तुमचा अनुभव होता, म्हणून तुम्ही सर्वांचे अर्ज इंग्रजीत लिहून देत असा. पण लिहिण्याआधीची तुमची पद्धत मी दुसऱ्या कोणाकडेही पाहिली नाही. गाऱ्हाणे घेऊन आलेला माणूस स्टुलावर बसून बोले. आम्ही दोघी ऐकत असू. मग प्रत्येकीने त्याच्या रागाला साजेल ते कार्ड निवडून टेबलावर पालथे ठेवायचे, दोन्ही कार्डे एकदम उलटायची आणि त्या माणसालाच मराठीत विचारायचे, ‘तुम्हाला आलेला राग हाच का?’ रिझेंटमेंट म्हणजे स्वतःला लागलेले, मनात ठेवलेले, आंबत गेलेले. इंडिग्नेशन म्हणजे माणसाचा मान राखला गेला नाही याची चीड, मग तो माणूस आपण असू किंवा परका. अम्ब्रेज म्हणजे मानपानातला रुसवाफुगवा. ते कार्ड काढताना तुम्ही हसत असा आणि म्हणत असा, ‘हे लग्नातल्या मामांचं.’ आउटरेज सर्वांत शेवटचे. सगळ्या मर्यादा मोडल्या गेल्या, आता गप्प बसणे हेच पाप, असे वाटणारा राग. तळतळाटासाठी कार्ड नव्हते. इंग्रजांनी तो इतका घेतला, पण त्याला शब्द ठेवला नाही, असे तुम्ही म्हणाला होतात.

मला ही कार्डे महिनाभरात पाठ झाली. तिला झाली नाहीत. ती प्रत्येक वेळी कार्ड हातात धरून मागची बारीक टीप ओठ हलवत वाचते, अडखळते, आणि तुम्ही थांबता. माझ्यासाठी तुम्ही कधी थांबला नाहीत, कारण थांबावे लागले नाही. मी दारात आले की ‘या विदुषी, बसा’ आणि ती आली की ‘काय गं, जेवलीस का?’ या दोन संबोधनांतला फरक मोजण्यात मी जितकी बुद्धी खर्च केली, तितकी प्रबंधावरसुद्धा केली नसेल. आदर मला मिळाला. तिला काय मिळत होते त्याला मी अजून शब्द शोधते आहे.

आणि मग तो रविवार. तिच्या गावच्या तीन बायका आल्या आहेत, त्यांतली एक तिची आई. आईने काचेच्या बाटलीत विहिरीचे पाणी आणले आहे. ‘चाखून बघा, मास्तर.’ तुम्ही चाखता, मलाही देता. मचूळ. विहिरीवर कोणीतरी पंप बसवला आहे, दिवसभर टँकर भरतात, आणि उपसा इतका झाला आहे की खाडीचे खारे पाणी झऱ्यात शिरले. ‘आता भात शिजवायला पन शेजारच्या गावातून पानी आनतो,’ तिची आई सांगते. मी क्षणाचाही विचार न करता कार्ड ठेवते. ती फार वेळ लावते. उलटल्यावर माझे आउटरेज, तिचे इंडिग्नेशन.

‘विहीर तुमची खारी झाली आणि तू हे एवढंसं ठेवतेस?’ मी म्हणाले. माझा स्वर मला अजून ऐकू येतो.

‘पानी नेतात त्यांच्या घरी पन लेकरं हायेत ना,’ ती म्हणाली. ‘पान्यापायी मी कोनावर ओरडू? पन आमाला इचारलं नाय कोनी. विहीर आमची, निदान इचारायचं तरी.’

तिची आई लगेच म्हणाली, ‘ह्येच. बरोबर ह्येच, मास्तर.’

तुम्ही माझ्याकडे वळलात. रागावला नव्हतात, रागावला असतात तर मला कार्ड निवडता आले असते. ‘विदुषी, तुमच्या आचोळ्याच्या इमारतीत पाणी कुठून येतं?’

‘टँकरनं.’

‘आणि टँकरमध्ये?’

‘ते मला माहीत नाही, सर.’

तुम्ही मान हलवलीत आणि अर्ज लिहायला तिला बसवलेत. व्याकरण मी तपासले. अकरा चुका होत्या, अकराही दाखवल्या. तुम्ही त्या सुधारून घेतल्यात आणि वाक्ये तिचीच ठेवलीत. पंप बंद झाला नाही, दोन बांध पलीकडे सरकला. पण नंतर गावाच्या सभेत पंपवाल्याला येऊन बसावे लागले आणि विचारावे लागले, हेही मी ऐकून आहे.

तुमच्या तेराव्याला ती भेटली. डबा तिच्या पिशवीत होता. मी सरळ विचारले, ‘हा तुला कसा?’ ती म्हणाली, ‘शेवटच्या आठवड्यात दिला. मी सरांना म्हटलं पन, तिला द्या, ती एवढी शिकलीये. तर म्हणाले, तिला नको, तिला सगळे पाठ आहेत.’ मग पिशवीत हात घालून, ‘तुला पाहिजे का? ने ना.’ इतक्या सहज. मी म्हणाले, ‘ज्याला पाठ नाहीत त्यानेच ठेवावा.’ ती हसली. टोमणा तिला लागला नाही, याचा मला राग आला. म्हणजे काय आले? रिझेंटमेंट नाही, तिने माझे काही बिघडवले नव्हते. इंडिग्नेशन तर नाहीच. गेली कित्येक वर्षे मी स्वतःला सांगत आले की गुणवत्तेवर अन्याय झाला आणि माझी चीड तत्त्वाची आहे. ती तत्त्वाची नाही. मी तिचा हेवा करते, सर. तिच्या अडखळण्याचा करते.

आता मत. ‘तिला सगळे पाठ आहेत’ हे वाक्य मी प्रशस्तिपत्र म्हणून वाचले आहे आणि निकाल म्हणूनही. दोन्ही अर्थ टिकतात, आणि असे वाक्य मी कोणत्याही विद्यार्थ्याला लिहू देत नाही. निर्णय करण्यासाठी एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवायला हवी, जी मी आजवर कोणालाही सांगितली नाही. मला माहीत होते. एसटीच्या खिडकीतून तो पंप मला दर रविवारी दिसे. आमच्याच जिन्याखाली उभा राहणारा टँकर, मागे कमळ रंगवलेला, मी त्या विहिरीवर उभा पाहिला होता. आमच्या घरी डाळ शिजेनाशी झाली तेव्हा आई म्हणाली होती, ‘पाणी बदललं वाटतं.’ तेव्हाही मी गप्प बसले. आउटरेजचे कार्ड मी ठेवले, कारण ते सर्वांत मोठे होते.

तेव्हा कळवा: मी खोटे बोलले हे तुम्हाला त्या दिवशी कळले होते का? डबा त्यासाठी गेला असेल, तर ती शिक्षा आहे आणि मी ती मान्य करीन. पण कळले नसेल, आणि केवळ शब्द तिला माझ्यापेक्षा चांगले समजत होते म्हणून गेला असेल, तर ते मला सोसणार नाही, तरीही कळवा. हे पत्र मी कुठेही टाकणार नाही. उत्तर मात्र लेखी हवे, तुमच्या हातचे. तिच्या तोंडचा निरोप मी ग्राह्य धरणार नाही.