कापड ओढणारं विमान

बाबा,

आज दुपारी आपल्या बोळिंजच्या घराच्या गच्चीवर चादर वाळत घालत होते आणि वारा तिच्यात शिरला. चादर फुगली, आडवी झाली, क्षणभर तरंगत राहिली, आणि मला तुमचं विमान दिसलं. तुम्ही हवाई दलातून निवृत्त होऊन आपण इथे आलो तेव्हा मी फार लहान होते. ते विमान पाहिल्याचं मला आठवत नाही. तरी ते नेहमी दिसतं तसंच दिसलं. संथ, चंदेरी, मागे लांबच लांब तार आणि तारेच्या टोकाला नारिंगी कापडाची नळी.

आठवीत मी वर्गात सांगून बसले होते की माझे बाबा बॉम्बर विमानावर होते. तसं ते खोटं नव्हतं. कॅनबेरा, मूळचं इंग्रजांचं हलकं बॉम्बर. पण बाईंनी तुम्हाला शाळेत बोलावलं आणि तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, फळ्यावर चित्र काढून, सगळं सांगून टाकलंत. "आमचं विमान म्हातारं झालं होतं. बॉम्ब टाकायचं काम संपलं, मग ते कापड ओढायचं. खालून तोफेवरची पोरं त्या कापडावर नेम शिकायची. मी जमिनीवरच. तार तपासायचो, कापड बांधायचो." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "म्हणजे काका, तुमचं विमान नुसतं मार खायचं?" वर्ग हसला. तुम्हीही हसलात. ते मला सहन झालं नाही.

घरी येऊन मी म्हणाले, "थोडं खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" तुम्ही बूट काढता काढता थांबलात. "त्या विमानात माणसं बसलेली असायची," एवढंच म्हणालात. आवाज चढला नव्हता, पण मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

रविवारी मासळी आणायला तुम्ही मला पाचूबंदरला नेलंत. ओहोटी आहे. ऊन पांढरं, समुद्र आणि आभाळ एकच झालेलं, होड्या हवेत टांगल्यासारख्या. तुम्ही पिशवीतून सुतळी काढता, तिला आईच्या जुन्या साडीचा तुकडा बांधता, पँट दुमडता आणि पन्नाशीला टेकलेले तुम्ही ओल्या वाळूवरून धावत सुटता. "मार! कापडाला मार!" मी वाळूचे गोळे वळते. पहिला लांब पडतो, दुसराही. तिसरा, त्यात शिंपला असलेला, तुमच्या कानावर बसतो. तुम्ही गुडघ्यांवर येता.

बोंबील वाळत घालणारी एक बाई ओरडली, "अगं पोरी, बापाला मारते काय? पानी घाल त्याच्या कानावर!" मी ओंजळ भरून धावले, पाणी वाटेतच सांडलं.

"नेम चुकला?" तुम्ही विचारलंत.

मी हो म्हणून मान हलवली.

"होतं असं. नवीन पोरांचं होतं. एकदा गोळा विमानाच्या अगदी जवळ फुटला होता. पायलट उतरला, पाणी प्यायला आणि म्हणाला, उद्या तार जरा जास्त सोडू."

"दुसऱ्या दिवशी परत गेला?"

"जावंच लागतं. नाहीतर पोरं शिकणार कशी?"

आईनं सुजलेल्या कानाबद्दल विचारलं तेव्हा म्हणालात, "दोरी आखूड पडली माझी."

त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं होतात. रोज संध्याकाळी आपण समोरासमोर बसून चहा प्यायलो. हे पान आता घडी करून कपाटात ठेवीन. दुसरीकडे कुठे ठेवणार? तुम्हाला कळलं होतं की नाही, मला अजून ठाऊक नाही. पण नेम चुकला नव्हता, बाबा. मी तो तुमच्यावरच धरला होता.