बोटानं चालणारा कॉम्प्युटर

माकणी, २२ मे २०२५

चि. सुरज यास आजी म्हाळसाबाईचे आशीर्वाद.

फोनवर तू घाईत असतोस, म्हणून पत्र. लिहितेय तुझी बहीण दीपाली. तिच्या शिकवण्याला तू नाद म्हणालास, तवापासून तुमचा अबोला. म्हणून आमी सांगू तेवढंच तिनं लिहायचं. कॉम्प्युटरला हुकूम कसा द्यायचा, ते ती समाजमंदिरात पोरांना शिकवणार हाय. आठ जूनला तिथल्या खोलीसाठी गावाची बैठक. तिथं काही दाखवता आलं न्हाय, तर खोली मंडपवाल्या गौरीशंकरच्या खुर्च्यांना जाणार. तवा नवशिक्या पोरांजोगा कॉम्प्युटर निवडून धाड. बोटानं चालणारा घे. ही आठ्या घालतेय. आठ्याबी लिही म्हणलं.

लोभ वाढव, पोट नको.
आजी

पुणे, ३० मे

ती. आजीस सा. न. वि. वि.

बोटानं चालणारा म्हणालीस, म्हणून काचेवर बोट फिरवायचा टॅब एस.टी.नं पाठवतोय. भर बैठकीत दीपालीचं हसं झालं तर काय, या काळजीनं मला झोप नाही. हे तिला सांगू नकोस.

माया आहेच, ती असू दे.
तुझा सुरज

माकणी, ९ जून

चि. सुरज यास आशीर्वाद.

दीपालीला सांगू नको म्हणालास, ते तिनंच मला वाचून दाखवलं. माझी पत्रं दुसरं कोण वाचतंय, शहाण्या?

बोटानं म्हणजे बटणं दाबून, असं माझ्या मनात. हिला ते कळलं होतं, पण तोंडाला कुलूप. बैठकीत टॅब काढला आणि पोरांनी त्यावर गाड्यांचा खेळ लावला. गौरीशंकर म्हणाला, गावात मोबाइल काय कमी हायत. माणसं उठायला लागली. दीपालीनं टॅब पिशवीत टाकला, मला मधी उभं केलं. पोरांना म्हणाली, आजी कॉम्प्युटर हाय, दारापाशी न्या; सांगाल तेवढंच करंल. पोरं म्हणाली, चल. थांब कुणीच म्हणलं न्हाय, तवा म्या सरळ जाऊन गौरीशंकरच्या पायावर पाय दिला. लोक लई हसले. मग पोरं हुकूम नीट जोडायला लागली, आधी वळ, मग चाल. उठलेली माणसं बसली. दारात पोचले एकदाची.

खोली मिळाली, दिवाळीपर्यंत. माझा गुडघा सुजलाय. रोज म्हातारी मिळायची न्हाय. टॅब परत घे. नवा कसला पायजे ते मला नीट सांगता येत न्हाय, म्हणून आज हिच्यावरची बंदी उठवली. खालचं तिचं.

जीव लावतोस, तो तोंडानं बोलत जा.
आजी

दादा, टीव्हीला जोडायचा, कीबोर्डचा छोटा कॉम्प्युटर हवा. आजी टीव्ही देतेय, मालिका संपल्यावर. आणि सांगितलंय तेवढंच करू नकोस. घेऊन तूच ये.
दीपाली