नराचं फूल

अन्नपूर्णा,

आता तुले नावानं हाक मारायचा माहा हक्क राह्यला नाही, तरी तसंच लिहितो. परवा बुलढाण्यात माह्यं ऑपरेशन झालं. अंडाच्या वरच्या शिरा फुगल्या होत्या, जांघेत काप घेऊन डॉक्टरनं त्या बांधल्या. तो म्हणे, या शिरांच्या गरमीनं माणसाचं बीज मरते.

आपण बीटी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग करायचो, आठवते? नराचं फूल मादी फुलाले घासायचं आन् दोरा बांधायचा. बोंडं धरली नाही का, तू आधी नराचं फूल बोटावर घासून पाहायची, पूड पडते का नाही. मादी फुलाले तिथं कोणी बोल लावत नव्हतं.

घरी मात्र सात वर्षं तुलेच दवाखान्यात नेलं, मग फारकत झाली. आता सोनाळा गावी दुसऱ्या घरी तुले पोरगी झाली, हे ऐकून बरं वाटलं.

माही सूज तू पाह्यली होती. "दाखवून या ना," असंही एकदा म्हणाली होती. मी तुले गप बसवलं. फारकतीच्या दिवशी पंचांपुढं तू तेवढं एक सांगितलं असतं, तर मान खाली घालून मी घरी गेलो असतो. तू नाही सांगितलं.

हे पत्र धाडत नाही. तुले आलेलं पत्र तुहा नवराच वाचून दाखवणार.

डॉक्टरनं इचारलं होतं, हे कधीपासून हाय. मी म्हटलं, यंदापासून.

मोतीराम