फिक्श्चर निकमसाहेबांचं

१७ जानेवारी १९९५, सातारा
पुन्हा भंगाराची रास. पंपाच्या बॉडीचं भोक लेथवर असताना गोल, उतरवलं की लंबगोल. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर निकमसाहेब सगळ्या शॉपसमोर शिवाजीआण्णांवर ओरडले. आण्णा त्या लेथवर आहेत ते मी शाळेत होते तेव्हापासून. नंतर मला म्हणाले, "ताई, मालच वाईट आसंल तर मी काय करू? शिव्या मातूर आमाला."
माल वाईट नाही. बॉडीची भिंत पातळ आहे आणि लेथचा चक तिला तीन बाजूंनी आवळतो. आवळलेली असताना गोल कापायची, मग सोडली की ती आपल्या जागेवर जाणार. दुसरं काय होणार?
इंजिनिअर आहे म्हणून नि.सां.ना सांगितलं. "मॅडम, तुम्ही ती इन्स्पेक्शनची कार्डं पूर्ण करा."

२ फेब्रु.
जेवणाच्या सुट्टीत ड्रॉइंग पुरं केलं. बाजूनं आवळायचंच नाही, वरून तोंडावर दाबून धरायचं. त्यासाठी बॉडी धरून ठेवणारा वेगळा साचा, म्हणजे फिक्श्चर. टूलरूमवाले हसले. एक म्हणाला, "आवं बाई, ह्ये पोळपाट न्हवं."
शेवटी आण्णाच मध्ये पडले. "बनवून बघा की रं. न्हाई जमलं तर भंगार हायच."

२० फेब्रु.
जमलं. पहिली बॉडी उतरवली, मोजली, विश्वास बसेना म्हणून परत मोजली. गोल. आण्णांनी स्वतः मापाची डायल लावून बघितलं. "व्हय की वं! लय भारी."
नि.सा. आले, बघितलं, "ठीक आहे" म्हणाले. तेवढंच. तरी रूमवर येताना पोवई नाक्यावर एकटीनं भेळ खाल्ली. तिखट. मजेत.

२१ मार्च
उद्या पुण्याचं मोठं गिऱ्हाईक प्लँट बघायला येतंय. नि.सा. म्हणाले, साडी नेसून या. म्हणजे फिक्श्चर मीच दाखवायचं असणार. रूमवरच्या वंदनाची निळी साडी मागून घेतली. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. वंदना हसून हसून बेजार.

२२ मार्च
पुष्पगुच्छ द्यायचा होता.

दिला. फोटो निघाला. मग सगळे शॉपमध्ये. नि.सा. फिक्श्चरवर हात ठेवून, "आम्ही विचार केला, वरून का धरू नये?" आम्ही.
पाहुण्यांनी विचारलं, दाब जास्त झाला तर तोंड वाकत नाही का? नि.सा. अडखळले. मी बोलायला पुढं झाले तर, "मॅडम, जरा चहाचं बघता का?"
बघितलं. याचीच जास्त चीड येतेय. निमूटपणे जाऊन बघितलं मी चहाचं.

२३ मार्च
गेले केबिनमध्ये. म्हटलं, सर, निदान नाव तरी घ्यायचं. अजिबात चिडले नाहीत. "हे बघ, तू लहान आहेस. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझ्या कामावर साहेब लोक मिरवायचे. मी बोललो का कधी?"
म्हणजे त्यांनी सोसलं ते आता मी सोसायचं. आणि पुढं मी कुणाला तरी...
मॅडमची एकदम 'तू' झाले, तेही लक्षात आलं.

२९ एप्रिल
वार्षिक समारंभ. कल्पकतेबद्दल ढाल नि.सां.ना. मी कंपनीच्या अंकाच्या मुखपृष्ठावर. निळी साडी, पुष्पगुच्छ. खाली 'आमच्या पहिल्या महिला इंजिनिअर सुनीता'.
सुजाता आहे मी.
बाहेर आण्णा भेटले. "ताई, नाव तुमचं घ्याया पायजे हुतं." म्हटलं, मग उठून बोलायचं की. तर म्हणाले, "थोरला हितंच टेंपररी लागलाय न्हवं." मग मलाच कसंतरी झालं.

७ मे, सांगली
चार दिवस रजा. बाबांनी मुखपृष्ठ फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय. गल्ली येऊन बघून गेली. शेवटी बाबांना खरं काय ते सांगितलं. म्हणाले, "पण फोटो तर तुझाच आलाय ना?"
आई भाकरी थापता थापता, "मग राहतेस कशाला तिथं?" इतकं सोपं!

१० मे
कुपवाडला एका लहान कारखान्यात मुलाखत. मालक पाटील, हात ग्रीसनं काळे. आत्तापर्यंत काय केलंस, विचारलं. फिक्श्चरचं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तर निकमांचं. आमच्या कारखानदारांच्या बैठकीत त्यांनी स्लाइड दाखवल्या की."
तिथं रडू आलं असतं तर मेलेच असते. म्हटलं, माझं आहे. पटवून कसं द्यायचं ते मला माहीत नाही.
त्यांनी एक वाया गेलेला शाफ्ट पुढं सरकवला. यात काय बिघडलं सांग. बराच वेळ बघितला. असं नाही सांगता येणार म्हटलं, मशीनवर बघायला लागेल.
"निकमांनी लगेच सांगितलं असतं."
टोमणा कुणाला होता, अजून कळत नाही. पण जाताना म्हणाले, सोमवारी ये, मशीन दाखवतो. नोकरीबद्दल अवाक्षर नाही.

१२ मे, सातारा
आल्या आल्या नि.सां.चं बोलावणं. नव्या मॉडेलची बॉडी आणखी पातळ आहे, परत लंबगोल येतेय. त्यांनी स्वतः ड्रॉइंग काढून पाहिलंय, जमेना. खुर्ची दिली. चहा मागवला.
"तुमचं ते फिक्श्चर होतं ना, तसंच काहीतरी सुचवा. सोमवारी सकाळी द्या."
तुमचं. पहिल्यांदाच. केबिनचं दार लावलेलं होतं.
सोमवारीच कुपवाडला बोलावलंय. काय करायला लागेल ते चहा संपायच्या आत डोक्यात आलं होतं. बोलले नाही. "बघते" म्हटलं.