मॉसी ओशेची शेतं आणि माझी निरवानिरव

मी, विद्याधर गोविंद खानझोडे, वय वर्षं बहात्तर, भूमी अभिलेख खात्यातला निवृत्त भूमापक, मूळ राहणार नागपूर, हल्ली मुक्काम ट्रली, काउंटी केरी, आयर्लंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कुणी धाक दाखवलेला नाही आणि कुणी लाडीगोडीही लावलेली नाही. नागपुरात पूर्वी केलेलं मृत्युपत्र यामुळे रद्द समजावं. ते केल्यानंतर माझ्या नात्यात बरीच माणसं आली, त्यांतली काही दीडशे वर्षांपूर्वीची आहेत.

कलम १. नागपूरचं घर, आवारासह, माझी कन्या स्वप्ना हिला द्यावं. पूर्वेकडच्या शेजाऱ्यांनी कंपाउंडची भिंत आमच्या हद्दीत हातभर आत घेतली आहे. स्वप्नाने त्यावरून भांडू नये. मी त्यांना माफ केलं आहे. भिंत मात्र चुकलेलीच आहे, याची नोंद असावी.

कलम २. बँकेतली शिल्लक स्वप्ना आणि चिरंजीव जयदीप यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. माझी पत्नी कै. नंदा हिच्या पाटल्या स्वप्नाला आणि मोहनमाळ सून नूला हिला द्यावी. नूला ती कार्डिगनवरून घालते. नंदाला ते आवडायचं, म्हणून माझीही हरकत नाही.

कलम ३. माझे व्याही, म्हणजे नूलाचे वडील, कै. कॉन ओशे यांच्यावर मी बारा वर्षं धरलेला राग या कलमान्वये निकाली निघत आहे. तो कुणाकडेही वारशाने जाणार नाही. कारण सविस्तर लिहितो.

जयदीप-नूलाचं लग्न नागपुरात झालं तेव्हा कॉन आले नाहीत. (दोघं तेव्हा नागपुरातच राहणार होती, ट्रलीला ती पुढे आली.) कारणही कळवलं नाही. कन्यादानाला ऐनवेळी नंदाच्या भावाला बसवावं लागलं. चारचौघांत मान खाली गेली ती माझी, असं मला वाटत राहिलं.

२०२०च्या सुरुवातीला मी नातीच्या, रेवाच्या, वाढदिवसासाठी ट्रलीला आलो आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. कॉन चौऱ्याऐंशी वर्षांचे, गावाबाहेर शेतावर एकटे. नूलाने त्यांनाही घरी आणलं. एका स्वयंपाकघरात दोन व्याही समोरासमोर. ते विचारायचे, "टी?" मी म्हणायचो, "थँक यू." संभाषण संपलं.

उन्हाळ्यात बंधनं सैल झाल्यावर कॉननी शेत बघायचा हट्ट धरला. नूलाने आम्हा दोघांनाही गाडीत घातलं. तिथे मला काही काम नव्हतं, म्हणून मी जमीन मोजायला लागलो. माझं होकायंत्र प्रवासातही सोबत असतं. कॉन काठी टेकत मागून येऊ लागले आणि एकेका शेताचं नाव सांगू लागले. नावं आयरिश भाषेतली. गॉर्टीन म्हणजे छोटं वावर. टुबर बॉन म्हणजे पांढरी विहीर. क्नॉक रूआ म्हणजे तांबडी टेकडी. मी नकाशा काढत गेलो. आम्ही पुन्हा पुन्हा जाऊ लागलो.

अशाच एका दुपारी, बांधावर बसून, त्यांनी मॉसीची गोष्ट सांगितली. मॉसी म्हणजे मॉरिस ओशे, कॉनच्या आजोबांचा थोरला भाऊ. अमेरिकेत तेव्हा नांगरेल त्याला माळरान मिळत होतं. तो गेला, आणि पुन्हा त्याचा एक शब्द आला नाही. आई वाट बघून मेली. तेव्हापासून घर सोडून घर विसरणाऱ्याला ओशे लोक 'मॉसी' म्हणू लागले. त्यांच्याकडे ती शिवी होती.

"नूलाचं लग्न ठरलं," कॉन म्हणाले, "तेव्हा माझी बहीण म्हणाली, गेली तुझी मॉसी."

"म्हणून तुम्ही आला नाहीत?"

"तिला तिकडे सोडून एकट्याने परत यायचं माझ्याने झालं नसतं, व्हिडी." विद्याधरचं त्यांनी व्हिडी केलं होतं.

स्वप्नाच्या पाठवणीच्या वेळी मी मंडपाच्या मागे जाऊन उभा राहिलो होतो, ते आठवलं. त्या दिवशी घरी गेल्यावर चहा मी केला.

पुढे नूलाने रक्ताचे नातेवाईक शोधून देणारी डीएनए तपासणीची पेटी मागवली. कॉन कुरकुरत नळीत थुंकले. काही आठवड्यांनी एक नाव समोर आलं: व्हर्ना शे, नेब्रास्का. ओशेमधला 'ओ' वाटेत कुठेतरी गळला होता. एकोणऐंशी वर्षांची ही बाई गुरं पाळते. नूलाने तिच्याशी पिढ्या जुळवून पाहिल्या. मॉसी तिचा पणजोबा निघाला.

पहिल्या व्हिडिओ कॉलवर कॉननी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "त्याने पत्र का नाही लिहिलं?"

"त्याला लिहिता कुठे येत होतं?" व्हर्ना म्हणाली. "सहीच्या जागी फुली करायचा."

कॉननी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग म्हणाले, "आमच्याकडेही तेव्हा कुणाला वाचता येत नव्हतं."

व्हर्नाने शेत दाखवायचं कबूल केलं. नोव्हेंबरातला दिवस होता. आमच्याकडे दिवेलागण, तिकडे लख्ख सकाळ. फोन हातात धरून ती चालत होती आणि तिच्या घरात चालत आलेली नावं सांगत होती. "हे गर्टीन. कुणी गर्ट्रूड आजी असेल. तो झरा, टबर्बन. आणि ती पलीकडची टेकडी, नक्रू."

कॉननी माझं मनगट धरलं. "पुन्हा म्हणायला सांग तिला."

मी केरीच्या शेताचा नकाशा टेबलावर पसरला. व्हर्ना चालत होती आणि मी बोट सरकवत होतो. छोट्या वावराच्या डाव्या हाताला पाणी. पाण्याच्या वर टेकडी. टेकडीमागे इथे दलदल, तिकडे नुसताच सखल माळ, पण नाव तेच. सगळं त्याच दिशांना, त्याच क्रमाने. फक्त इथलं वावर रुमालाएवढं आणि तिथलं क्षितिजाला टेकलेलं. मॉसीने त्या उघड्या माळावर आपलं घरचं शेत आठवणीतून मांडलं होतं. मी जन्मभर जमिनीवरून नकाशे काढले. इथे एका अंगठाछाप माणसाने मनातला नकाशा जमिनीवर अंथरला होता, आणि चार पिढ्यांनी अर्थ न कळता तो जपला होता.

त्या माळाला मॉसीच्या आधी कुणी कोणती नावं दिली होती, हे व्हर्नालाही ठाऊक नाही. भूमापक म्हणून तेही इथे लिहून ठेवणं भाग आहे.

"आजोबा सांगायचे," व्हर्ना म्हणाली, "रोज संध्याकाळी तो शेताला फेरी घालून ही नावं म्हणायचा. लोकांना वाटायचं, प्रार्थना करतोय." मग ती फाटकाशी आली. "आणि हे बार्ना मॅम. इथून जाताना आमच्या घरचे टोपी काढतात. का, ते ठाऊक नाही."

मी नकाशा पाहिला. "कॉन, हे आपल्याकडे नाही."

"नाव नाही," कॉन म्हणाले. "जागा आहे." रस्त्याकडच्या बांधात जिथे माणूस जाण्याइतकी फट आहे, तिथे त्यांनी बोट ठेवलं. "निघणारा इथून निघतो. पुढे लगेच वळण आहे. पोचवायला आलेली बाई इथेच थांबते." मग त्यांनी स्क्रीनकडे पाहून सांगितलं, "बार्ना म्हणजे बांधातली वाट, व्हर्ना. मॅम म्हणजे आई."

व्हर्ना फाटकाला धरून उभी राहिली.

आमच्या भाषेत 'आईची वाट' म्हटलं की दोन अर्थ होतात. ते मी कॉनना नंतर समजावून सांगितले. ते म्हणाले, "दोन्ही बरोबर आहेत."

कॉन फेब्रुवारीत गेले. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती. नूलाने त्या दहांत मला घेतलं. व्हर्ना आणि तिची मुलं-नातवंडं तिकडे पहाटे उठून कॅमेऱ्यावर बघत होती. ओशेंच्या घरात आता 'मॉसी' ही शिवी राहिलेली नाही.

कलम ४. माझं होकायंत्र नेब्रास्काला व्हर्ना शे हिला, ती नसल्यास तिच्या वारसांना, पाठवावं. शेताचा नकाशा नूलाचा. शेतही आता तिचंच आहे. त्यावर 'बार्ना मॅम' हे नाव कॉननी माझ्याकडून नंतर लिहून घेतलं आहे. ते खोडू नये.

कलम ५. माझे अंत्यविधी इथेच करावेत. अस्थींसाठी जवळ असेल ते पाणी चालेल. दूर जाण्याचं मला आता भय वाटत नाही.

कलम ६. काटोलजवळची आमची शेतं माझ्या वडिलांच्या हयातीत विकली गेली. त्यांची नावं विकलेली नाहीत. चिंचेचं वावर, बरडाचं वावर, नाल्यापल्याडचं, आणि बिबव्याची पट्टी. ही सर्व मी माझी नात रेवा हिला देत आहे. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते आणि इथल्यांसारखं 'छान'ला 'ग्रँड' म्हणते. नावं मात्र मराठीतच म्हणावीत. हे कलम मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "ग्रँड, आजोबा. बट दे आर नॉट आवर्स."

मी म्हटलं, "मॉसीची तरी ती कुठे होती, बाळा?"

या मृत्युपत्राची अंमलबजावणी चि. जयदीप याने करावी. वरील मजकूर मी पुन्हा वाचला आणि तो मला मान्य आहे. खालील दोघांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष सह्या केल्या. या मृत्युपत्रात त्यांना काहीही दिलेलं नाही, एकेक कप चहा सोडून.

सही: विद्याधर गोविंद खानझोडे

साक्षीदार:
१. उर्मिला देवधर, ट्रली
२. ब्रेंडन हीली, शेजारी, ट्रली (मजकूर उर्मिलाताईंनी इंग्रजीत समजावून सांगितला)

स्थळ: ट्रली, काउंटी केरी
दिनांक: १८ सप्टेंबर २०२१